ग्रंथालय आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर : ठाणे-नवी मुंबईतल्या वाचनालयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यातल्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल, कार्यकारिणीतली मंडळी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चार कपाटं मांडून बसलेले हौशी लोक आणि कॉलेजच्या ग्रंथालयातले कर्मचारी या सगळ्यांकडून येणारे प्रश्न बरेचसे तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरांत आमचं मत डोकावेल. ते पटलं नाही तर सोडून द्या, माहिती तेवढी घ्या.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच ना?

नाही. फुकट मिळणारं सगळंच ओपन सोर्स नसतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं, ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर सरकारी ग्रंथालयांना मोफत मिळतं, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, तुम्हाला मिळत नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअर कॉलेजांमध्ये बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते विकत घ्यावं लागतं आणि त्याचाही कोड बंदच आहे. ओपन सोर्समध्ये कोड उघडा असतो. तो कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, अशी लेखी परवानगी परवान्यातच असते. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर ज्या जीपीएल परवान्याखाली येतं, तो तर आणखी एक अट घालतो : बदल करून पुढे वाटलंत, तर तो बदलही उघडाच ठेवायचा.

आमच्या दृष्टीने वाचनालयाला याचा खरा फायदा पैशाचा नाही. तीस-चाळीस वर्षांत जमवलेली पुस्तकांची यादी आणि सभासदांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न आहे. सॉफ्टवेअर देणारा माणूस फोन उचलेनासा झाला की हा प्रश्न फार लवकर कळतो.

सगळे कोहा-कोहा म्हणतात, ते नेमकं काय आहे?

ग्रंथालयाचं सगळं कामकाज एका जागी करणारं सॉफ्टवेअर. पुस्तकाची नोंद, देवघेव, सभासद, नियतकालिकं, खरेदी, अहवाल आणि वाचकांनी घरबसल्या शोधायची यादी, हे सगळं त्यात येतं. ते ब्राउझरमध्ये चालतं. त्याला दोन दारं आहेत, एक कर्मचाऱ्यांसाठी आणि एक वाचकांसाठी.

जन्म न्यूझीलंडचा. तिथल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखेला अडखळणार हे दिसत होतं. नवीन विकत घ्यायची तर खर्च झेपणारा नव्हता. म्हणून १९९९ मध्ये काटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून त्यांनी स्वतःची प्रणाली लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती चालू केली. कोड खुला करण्यामागे व्यवहारी हिशेब होता : एकाच छोट्या कंपनीवर अवलंबून राहिलो तर पुन्हा अडकू, चार लोकांच्या हातात गेला तर कोणीतरी सांभाळेल. आज जगभरातली हजारो ग्रंथालयं कोहा वापरतात. पॅरिसच्या कॉलेजपासून आपल्या तालुक्याच्या वाचनालयापर्यंत कोड तोच.

ठाणेकरांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद, कोहाकॉन, २०११ साली ठाण्यात भरली होती. आदल्या वर्षी ती वेलिंग्टनला होती आणि पुढच्या वर्षी एडिंबरोला.

आमच्याकडे जेमतेम आठशे पुस्तकं आहेत. कोहा बसवावं का?

नको. घणसोली-खारघरच्या सोसायट्यांमधून हा प्रश्न फार येतो, आणि उत्साह इतका असतो की नाही म्हणायला जिवावर येतं. आठशे पुस्तकांना लिब्रे ऑफिस कॅल्कमधली एक नीट यादी पुरते. तेही ओपन सोर्सच आहे. एका पानावर पुस्तकं, दुसऱ्यावर सभासद, तिसऱ्यावर देवघेव. मात्र रकाने पहिल्या दिवसापासून शिस्तीत ठेवा : दाखल क्रमांक (पुस्तक आलं की त्या प्रतीला दिलेला क्रमांक), शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, पुस्तक कुठून आलं. पुढे पुस्तकं वाढली तर हीच यादी उचलून कोहात टाकता येते.

मधला पर्याय हवा असेल, विशेषतः शाळांना, तर स्लिम्स नावाचं इंडोनेशियात तयार झालेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघा. ते पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, त्यामुळे साध्या वेब होस्टिंगवरही बसतं. सर्व्हर सांभाळण्याची कोहाइतकी कटकट नाही. न्यूजेनलिब हे हैदराबादचं सॉफ्टवेअर २००८ मध्ये ओपन सोर्स झालं होतं. त्याचं नाव अजून काही जुन्या अभ्यासक्रमांत सापडतं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही ते सुचवत नाही.

खर्च किती येईल?

सॉफ्टवेअरचा शून्य. बाकीचा येतोच.

एक बरा संगणक सर्व्हर म्हणून लागतो. आठ जीबी रॅम असली की मध्यम वाचनालयाला पुष्कळ झाली, चार जीबीवरही गाडी रेटते. त्यावर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स बसवायची, तीही विनामूल्य. काउंटरवर जुना विंडोजचा संगणक असला तरी हरकत नाही, कारण तिथे फक्त ब्राउझर उघडायचा असतो. बारकोड स्कॅनर दीड-दोन हजारांत मिळतो. क्लाउडवर ठेवायचं असेल तर दरमहा भाडं. बॅटरी बॅकअप हवाच.

सगळ्यात मोठा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. तो म्हणजे नोंदी करणाऱ्या माणसांचा वेळ. वीस हजार पुस्तकांच्या वाचनालयात एक माणूस दिवसाला शंभर नोंदी नीट करत असेल तर दोनशे दिवस लागतात. कार्यकारिणीच्या सभेत हा गुणाकार आधी मांडा, संगणकाची किंमत नंतर. संगणकासाठी देणगीदार मिळतो, टायपिंगसाठी मिळत नाही.

मराठीत चालतं का?

चालतं, पण या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत.

पहिला पडद्याचा. कोहाचं भाषांतर स्वयंसेवक करतात. मराठी निवडली की काही बटणं मराठीत आणि काही इंग्रजीत अशी सरमिसळ दिसते. कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजी ठेवून वाचकांच्या बाजूला मराठी देणं बहुतेकांना सोयीचं पडतं.

दुसरा नोंदीचा. इथे काही अडचण नाही. सगळ्या लिपींना सामावणारी युनिकोड पद्धत असल्यामुळे शीर्षक, लेखक, प्रकाशक सगळं देवनागरीत लिहिता येतं.

तिसरा शोधाचा, आणि खरी मेख इथे आहे. कोहाबरोबर झेब्रा नावाचं शोधयंत्र येतं. त्याची मूळ मांडणी रोमन लिपी गृहीत धरते आणि काना-मात्रा, जोडाक्षरांवर अडखळते. बसवणाऱ्याला सांगा की झेब्राचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी शब्दांची सूची बांधणं, आयसीयू या युनिकोड सांभाळणाऱ्या पद्धतीवर न्या आणि मग संपूर्ण इंडेक्स पुन्हा बांधा. तास-दीड तासाचं काम असतं. ते न केल्यामुळे ‘कोहात मराठी शोधता येत नाही’ असा शिक्का बसलेली वाचनालयं आम्ही पाहिली आहेत. खातरजमा करायची तर ‘ज्ञानेश्वर’, ‘शिक्षण’ आणि ‘कृष्ण’ टाकून बघा. तिन्ही सापडले तर पुढे जा.

एवढं करूनही काही पुस्तकं लपून बसतात. ‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन निराळे शब्द. ‘ॲड.’मधल्या ॲ ची गत तीच, एकाने अखंड अक्षर टाकलेलं असतं, दुसऱ्याने अ वर चंद्र दिलेला असतो. आणि ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी सर्रास कोलन ठोकलेला असतो. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. नोंदी कोहात टाकण्याआधी तक्त्यात ‘शोधा आणि बदला’ वापरून प्रत्येक जोडीचं एकच रूप करून घ्या, आणि टायपिंग करणाऱ्या सगळ्यांना एकाच कीबोर्डवर आणा. इनस्क्रिप्ट असो वा मोबाइलचा, सगळ्यांचा एक.

जुन्या शुद्धलेखनाचं काय करायचं? ‘कांहीं’ लिहायचं की ‘काही’?

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. अशा जुन्या संग्रहांत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची पुस्तकं ढिगाने असतात आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर अनुस्वारांची पखरण असते. शीर्षक पुस्तकावर छापलं आहे तसंच, अनुस्वारांसकट, मुख्य रकान्यात लिहा. मार्क, म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा, त्याच्या भाषेत तो २४५ क्रमांकाचा रकाना. आजच्या लेखनातलं रूप २४६ मध्ये, पर्यायी शीर्षक म्हणून. वाचक कोणत्याही रूपाने शोधो, पुस्तक सापडतं. मूळ शीर्षक ‘सुधारून’ टाकण्याचा मोह आवरा. तुमच्याकडची प्रत आणि दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत एकच आहे का, हे पुढच्या माणसाला त्यावरूनच ताडायचं असतं.

टोपणनावांनाही असंच. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे. कोहाला सांगावं लागतं. त्यासाठी प्राधिकृत नावांची यादी असते. त्यात एक नाव मुख्य ठरवायचं आणि दुसरं त्याला जोडायचं. कविता एका नावावर आणि नाटकं दुसऱ्या नावावर असली तरी वाचकाला सगळं एका जागी मिळतं.

आमचा सगळा डेटा श्री-लिपीत टाइप केलेला आहे. वाया गेला का?

वाया नाही. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून रोमन अक्षरंच असतो, फॉन्ट त्याला मराठीचं रूप देतो. फॉन्ट बदलला की त्याची गिचमिड होते. तो युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. आधी शंभर ओळी बदलून छापील कागदाशी ताडून पाहा. चुका ठरावीक जागी होतात, बहुधा रफार आणि ऱ्हस्व इकाराच्या, त्यामुळे एकदा नमुना कळला की झपाझप दुरुस्त होतात. एकाच यादीत दोन वेगळे जुने फॉन्ट मिसळलेले असले तर मात्र आधी ते वेगळे काढा.

इतक्या नोंदी करायच्या कोणी?

सरळ कोहात एकेक नोंद टाइप करत बसू नका. दाखल नोंदवहीवरून स्प्रेडशीट भरा. हे काम चार जण घरी बसून चार वेगवेगळ्या वह्यांच्या फोटोंवरून करू शकतात. नंतर मार्कएडिट नावाच्या साधनाने त्या तक्त्याचं मार्क नोंदींत रूपांतर करून कोहात एकगठ्ठा चढवता येतं. (मार्कएडिट मोफत आहे, ओपन सोर्स नाही. वरच्या पहिल्या प्रश्नाचं हे आणखी एक उदाहरण.)

कॉलेजच्या एनएसएसची मुलं या कामाला आनंदाने येतात. वेगात टाइप करतात, मोबाइलवर बोलूनही भरतात. फक्त लेखकाचं नाव आडनावापासून लिहायचं की पहिल्या नावापासून, ‘संपादक’ कुठे टाकायचा, अनुवादित पुस्तकात मूळ लेखक कुठे आणि अनुवादक कुठे, हे एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या समोर चिकटवा. तो कागद नसला की एकच लेखक पाच वेगवेगळ्या नावांनी यादीत अवतरतो आणि निस्तरायला ग्रंथपालच उरतो.

दुसरं, सुरुवात पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून करू नका. तिथली निम्मी पुस्तकं केव्हाच हरवलेली किंवा बाद झालेली असतात. जी पुस्तकं परत येतात, त्यांची नोंद काउंटरवरच आधी करा. दोन-तीन महिन्यांत फिरती पुस्तकं सगळी आत येतात आणि देवघेव संगणकावर सुरू करता येते. कपाटातली झोपलेली पुस्तकं सवडीने.

इंटरनेटवरून आयत्या नोंदी मिळत नाहीत का?

इंग्रजी पुस्तकांच्या मिळतात. कोहातून झेड ३९.५० या पद्धतीने दुसऱ्या ग्रंथालयांच्या यादीत थेट शोधून नोंद उचलता येते. मराठीबाबत गंमत अशी की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे. ते भारतीय भाषांतली पुस्तकं सातत्याने विकत घेतं, त्यामुळे मराठी पुस्तकांच्या नोंदी वॉशिंग्टनच्या यादीत विपुल आहेत. पण त्या बहुतांशी रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली रेघा आणि टिंबं देऊन. आपल्या वाचकाला त्या शोधता येणार नाहीत. प्रकाशनवर्ष आणि पृष्ठसंख्या पडताळायला उपयोगी, इतकंच.

पुस्तकांचं पुन्हा वर्गीकरण करावं लागेल का?

कोहा तसं मागत नाही. विषयावरून पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, मराठी कादंबरीचा ८९१.४६३. कॉलेजांनी हे पाळावं. सार्वजनिक वाचनालयात मात्र ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवासवर्णन’ अशी कपाटं आणि त्यांतले चालू क्रमांक वाचकांच्या अंगवळणी पडलेले असतात. तेच क्रमांक तसेच्या तसे कोहात टाका. संगणक आणला म्हणून कपाटं हलवायची गरज नाही.

बारकोड कसा करायचा?

दाखल क्रमांक हाच बारकोड. वेगळी मालिका काढू नका. अंक मात्र इंग्रजी (1, 2, 3) ठेवा, कारण नेहमीच्या बारकोडमध्ये देवनागरी अंक बसत नाहीत. लेबलवर मराठी शीर्षक छापायचाही आग्रह धरू नका. कोहाच्या लेबल छापण्याच्या सोयीत जोडाक्षरं मोडतात. वाचनालयाचं नाव आणि क्रमांक पुरे.

लेबल कुठे लावायचं यावर सभेत वाद होतोच. मलपृष्ठाच्या आत लावलं तर फाटत नाही, पण देवघेवीला पुस्तक उघडावं लागतं. संध्याकाळी साडेसहा ते आठ, स्टेशनवरून उतरलेली मंडळी रांगेत उभी असताना, हा उघडण्याचा वेळ जाणवतो. आम्ही मलपृष्ठावर बाहेर, वरच्या कोपऱ्यात लावून त्यावर पारदर्शक टेप मारायला सांगतो. पावसाळ्यात पिशवीत ओली छत्री आणि पुस्तक एकत्र येतात, त्यामुळे टेप टाळू नका.

दिवाळी अंक, मासिक वर्गणी, अनामत, हे सगळं कोहाला कळतं का?

दिवाळी अंक छान कळतात. ‘दिवाळी अंक’ असा वेगळा साहित्यप्रकार तयार करायचा आणि त्याला वेगळा नियम द्यायचा : एका सभासदाला एका वेळी एकच, मुदत तीन दिवस, मुदतवाढ नाही. फेब्रुवारी उजाडला, गर्दी ओसरली, की नियम बदलून आठ दिवस करायचे. सभासदाचा प्रकार आणि साहित्याचा प्रकार यांच्या प्रत्येक जोडीला निराळा नियम देता येणं, ही आमच्या मते कोहाची सगळ्यात कामाची सोय आहे. ज्येष्ठ नागरिकांना पुस्तक पंधरा दिवस, बालविभागाला फक्त बालसाहित्य, असं हवं तसं बांधता येतं.

वर्गणीचं थोडं ओढूनताणून आहे. कोहात सभासदत्वाची मुदत महिन्यांत ठरते आणि नूतनीकरणाला शुल्क लागू शकतं. वार्षिक किंवा सहामाही वर्गणी त्यात नीट बसते. दर महिन्याला येऊन पैसे भरणाऱ्यांसाठी दर महिन्याला नूतनीकरण करावं लागतं. अनामतीसाठी सभासदाच्या नोंदीत एक जादा रकाना स्वतः तयार करा आणि पावती क्रमांकही तिथेच लिहा. हिशेबाची वही वेगळी चालूच राहू द्या. कोहा हे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर नव्हे.

मग दाखल नोंदवही बंद करायची का?

मुळीच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, त्यामुळे अनुदानाची आणि तपासणीची सगळी घडी कागदी नोंदवहीच्या काळात बसलेली आहे. अनुदानाच्या अ, ब, क, ड कोणत्याही वर्गात असलात तरी बांधीव वही, पानं क्रमांकित, खाडाखोड नाही, हे चालू ठेवा. वहीतला क्रमांक आणि कोहातला क्रमांक एकच असला की झालं.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेली पुस्तकं अनेक ग्रंथालयं वेगळी दाखवतात. कोहात त्यांना संग्रहाचा वेगळा संकेत द्या. तपासणीच्या वेळी ‘ती पुस्तकं दाखवा’ म्हटलं की यादी एका क्लिकवर निघते. वार्षिक अहवालासाठी भाषावार आणि विषयवार आकडे, पाच वर्षांत एकदाही न फिरलेली पुस्तकं, असे अहवालही काढता येतात. त्यासाठी एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या, चार ओळी लागतात, पण कोहाच्या समुदायाने तयार ओळींचा मोठा साठा उघडा ठेवला आहे. तिथून उचलायच्या.

लाइट गेली, इंटरनेट गेलं तर?

सर्व्हर वाचनालयातच असेल तर इंटरनेट नसतानाही देवघेव चालते. लाइटसाठी बॅटरी. तीही संपली तर तास-दोन तास कागदावर लिहून नंतर भरा, त्यात कमीपणा नाही.

खरी काळजी पाण्याची करा. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या किती कागदांचा लगदा झाला, हे या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. सर्व्हर जमिनीवर ठेवू नका. कोहा पॅकेजमधून बसवलं असेल तर रोज रात्री डेटाची प्रत आपोआप काढतं, पण ती त्याच संगणकावर पडते. ती प्रत दुसरीकडे गेली पाहिजे : एक क्लाउडवर, एक पेन ड्राइव्हवर आणि तो पेन ड्राइव्ह कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी घरी, वरच्या मजल्यावर. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नका.

आमच्यात तांत्रिक माणूस नाही. कंपनीकडून करून घ्यावं का?

जरूर. ओपन सोर्स म्हणजे स्वतःच सगळं करायचं असं नाही. पैसे घेऊन कोहा बसवून देणं आणि सांभाळणं पूर्ण कायदेशीर आहे. फक्त करारात तीन गोष्टी लिहून घ्या. एक, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड ग्रंथालयाकडे राहील. दोन, डेटाबेसची पूर्ण प्रत मागू तेव्हा, जादा पैसे न घेता मिळेल. तीन, करार संपल्यावर डेटा पुढच्या माणसाला देण्यात सहकार्य होईल. ‘परवाना शुल्क’ असा रकाना कोटेशनमध्ये दिसला तर तो कशाचा, हे विचारा. कोहाला परवाना शुल्क नसतं.

कंपनीनेच सगळं बळकावलं तर, असंही विचारतात. तसा प्रयत्न नावापुरता झाला आहे. ‘कोहा’ हे नाव न्यूझीलंडमध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा एका अमेरिकी कंपनीचा अर्ज होता. होरोव्हेनुआ न्यासाने २०११ मध्ये त्याविरुद्ध देणग्या गोळा केल्या, दाद मागितली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये निकाल न्यासाच्या बाजूने लागला. या सगळ्या भांडणात जगभरातल्या ग्रंथालयांची देवघेव एक दिवसही थांबली नाही, कारण कोड प्रत्येकाकडे होताच.

आत्ताचा सॉफ्टवेअरवाला डेटा द्यायला तयार नाही.

आधी लेखी मागा, कार्यकारिणीच्या ठरावासकट. पुस्तकांच्या नोंदी तुमच्या माणसांनी भरलेल्या आहेत, हे पत्रात स्पष्ट लिहा. तरी ताकास तूर लागू देत नसेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमधून छापता येणारा मोठ्यात मोठा अहवाल काढा, बहुधा ‘दाखल यादी’, आणि तो कागदावर न छापता फाइल म्हणून जतन करा. एक्सेल मिळाली तर उत्तम, पीडीएफ मिळाली तरी त्यातून तक्ता काढता येतो. सभासदांची यादीही अशीच.

कॉलेजांमध्ये कोहा इतकं कसं पसरलं?

नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचं संगणकीकरण एकात्मिक प्रणालीने झालं आहे का, हा ठरलेला प्रश्न असतो. त्याने घाई केली. घाईत झालेल्या कामाची खूण अशी की कोहा दिसतं, नोंदीही दिसतात, पण देवघेव अजून कार्डावरच चाललेली असते.

आमच्याकडची जुनी पुस्तकं स्कॅन करून वेबसाइटवर टाकता येतील का?

स्कॅन करणं आणि सर्वांसाठी टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि ही वर्षं निधनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या आरंभापासून खुलं झालं. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्षही पाहायचं, आणि प्रस्तावना दुसऱ्याची असेल तर तिचंही.

कॉपीराइट चालू असलेल्या पुस्तकाबाबत २०१२ च्या दुरुस्तीने एक सोय दिली आहे : छापील प्रत तुमच्याकडे असेल तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवून ठेवता येते. साठवता येते, वाटता येत नाही.

स्कॅन केलेली पुस्तकं वेबसाइटवर मांडण्यासाठी कोहा वापरू नका, त्याला डीस्पेस किंवा ग्रीनस्टोन आहे. डीस्पेस २००२ मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी मिळून काढलं. ग्रीनस्टोन न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं. दोन्ही ओपन सोर्स. चित्रातून मजकूर काढायला टेसेरॅक्ट आहे, त्याला मराठी येतं. चांगल्या छपाईवर ते बऱ्यापैकी काम करतं. खिळे झिजलेल्या जुन्या छपाईवर आणि पिवळ्या पडलेल्या पानांवर इतक्या चुका करतं की सगळं नव्याने टाइप करणं परवडतं. त्या पुस्तकांचे निदान शीर्षक, अनुक्रमणिका आणि प्रकाशनवर्ष हाताने टाइप करा.

कोण काय वाचतं हे सॉफ्टवेअरमध्ये साठून राहतं का?

तुम्ही ठरवाल तसं. परत केलेल्या पुस्तकावरून सभासदाचं नाव पुसायची सोय कोहात आहे. ती चालू करावी असं आमचं ठाम मत. ‘मागच्या वर्षी हे पुस्तक कोणी नेलं होतं’ असं विचारायला येणाऱ्याला ग्रंथपालाने खरंखुरं ‘माहीत नाही’ म्हणता आलं पाहिजे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये आला आहे, त्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. बालविभागाच्या फॉर्मवर तशी सही घ्या, आणि सभासदांची आधार क्रमांकासकट यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवून व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

मुदत संपल्याचे एसएमएस जातील का?

ईमेल लगेच जातात. एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (संस्थांना एसएमएस पाठवण्याआधी करावी लागणारी सक्तीची नोंदणी) लागते, छोट्या वाचनालयाला ती यातायात परवडत नाही. उशीर करणाऱ्यांची यादी छापा आणि फोन करा. पुस्तकं फोननेच येतात.

नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते म्हणतात. दर वेळी बदलायचं?

मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि तिच्या क्रमांकातच वर्ष-महिना असतो. २४.०५ म्हणजे मे २०२४. दर वेळी उडी मारायची गरज नाही. वर्षातून एकदा पुरे. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येतील तशा घ्या. बदलाच्या आदल्या रात्रीची प्रत बाजूला काढून ठेवा, काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडण्याआधी एक पुस्तक देऊन, एक घेऊन, एक मराठी शीर्षक शोधून बघा. नोव्हेंबरची आवृत्ती आली म्हणून नोव्हेंबरात हात घालू नका. तेव्हा काउंटरवर दिवाळी अंकांची रांग असते. मार्चअखेरचा हिशेब आटोपला आणि मुलांच्या परीक्षा संपल्या, की एप्रिलचा दुसरा आठवडा बरा.